‘निराधार’ आणि ‘सिद्ध न झालेली’ यांतील अंतर

न्यूयॉर्कच्या पोलिसांविरुद्धच्या तक्रारींच्या नोंदी मराठीत आणताना ‘अनसबस्टॅन्शिएटेड’ या शेऱ्यासाठी ‘निराधार’ आणि ‘सेटलमेंट’साठी ‘नुकसानभरपाई’ हे शब्द चालतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही टाळावेत, पहिला तर कटाक्षाने.

न्यूयॉर्क राज्याच्या नागरी हक्क कायद्यातील, १९७६ पासून लागू असलेल्या ‘५०-अ’ या कलमामुळे तेथील पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी गोपनीय राहत. जून २०२० मध्ये ते कलम रद्द झाले आणि नागरिकांच्या तक्रारी तपासणाऱ्या मंडळाचे शेरे अधिकाऱ्याच्या नावासह सर्वांसमोर आले. त्यामुळे शेऱ्याचे भाषांतर चुकले, तर तक्रारदार किंवा अधिकारी यांपैकी एकावर अन्याय होतो.

‘निराधार’ म्हणताच मराठी वाचकाला बिनबुडाचा आरोप आठवतो. तो अर्थ ‘अनफाउंडेड’चा आहे: सांगितलेली घटना घडलीच नाही, असे पुराव्यावरून दिसणे. ‘अनसबस्टॅन्शिएटेड’चा अर्थ मात्र एवढाच, की गैरवर्तन झाले की नाही हे ठरवण्याइतका पुरावा मिळाला नाही. पुढे त्या मंडळानेच हा शब्द सोडून ‘ठरवता आले नाही’ अशा अर्थाचा शेरा स्वीकारला. म्हणून ‘सिद्ध न झालेली’, किंवा त्याहून नेमके ‘पुराव्याअभावी अनिर्णित’ असे लिहावे. ‘एक्झॉनरेटेड’लाही ‘निर्दोष’ म्हणू नये, कारण तेथे घटना घडलेली असते, फक्त कृती नियमांत बसणारी ठरते.

असा भेद मराठीला नवा नाही. महाराष्ट्रातील पोलीस तपासात खोट्या तक्रारीची ‘ब समरी’ (तपासाअंती न्यायालयाला दिला जाणारा अहवाल) वेगळी आणि खरीही नाही, खोटीही नाही अशा तक्रारीची ‘क समरी’ वेगळी असते. या समऱ्या गुन्ह्यांच्या तपासातल्या असल्याने त्या जशाच्या तशा उचलता येणार नाहीत, पण ‘सिद्ध झाली नाही’ आणि ‘खोटी निघाली’ यांतील अंतर आपल्या कागदोपत्री भाषेने जपले आहे.

‘सेटलमेंट’साठी लोकअदालतीत रुळलेला ‘तडजोड’ हाच शब्द योग्य. ‘नुकसानभरपाई’ वाचून न्यायालयाने दोष ठरवून रक्कम द्यायला लावली असे वाटू शकते. तडजोडीत बहुधा दोष कबूल न करताच दावा मिटवला जातो. मिनियापोलिस शहराने मार्च २०२१ मध्ये पोलिसांच्या कारवाईत मारले गेलेले जॉर्ज फ्लॉइड यांच्या कुटुंबीयांना २ कोटी ७० लाख डॉलर देण्याचे मान्य करून दावा मिटवला, तेव्हा संबंधित पोलिसावरील फौजदारी खटल्याचा निकाल लागायचा होता. बोलण्यात ‘तडजोड’ला माघारीची छटा येते, म्हणून नोंदींतील त्या रकान्याला ‘दाव्यातील तडजोडीची रक्कम’ असे पूर्ण शीर्षक द्यावे.