पीएच.डी.मधलं टिंब

प्रश्न : आमच्या सूनबाईंना शिवाजी विद्यापीठाची रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळाली. प्रमाणपत्रावर मात्र ‘डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी’ आहे. रसायनाचा आणि तत्त्वज्ञानाचा संबंध काय? दारावरच्या पाटीसाठी पेंटरने नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पी.एच.डी.’ असा मजकूर दिलाय, तो बरोबर आहे का? मराठीत काय लिहावं?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सूनबाईंचं मनापासून अभिनंदन. ‘डॉक्टर’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘शिकवणे’ या अर्थाच्या धातूवरून आला. म्हणजे मुळात डॉक्टर हा शिक्षक. औषध देणारा हा अर्थ मागाहून चिकटला. मध्ययुगीन युरोपात धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या वरच्या विद्याशाखा होत्या, बाकीचं सगळं कला शाखेत. जर्मनीत याच शाखेला तत्त्वज्ञान शाखा म्हणू लागले. गणित, इतिहास, भाषा, निसर्गविज्ञान हे सगळं तिच्या पोटात. संशोधन करून प्रबंध लिहायचा आणि पदवी घ्यायची ही आजची पद्धत १९व्या शतकात तिथेच रुजली, म्हणून रसायनाच्या प्रबंधालाही तेच नाव लागलं. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ साली ही पदवी दिली, ऑक्सफर्डने १९१७ साली सुरू केली. विषय वेगळे झाले, नाव तेच राहिलं.

आता पाटी. रंग लागण्याआधी मजकूर बदलून घ्या. ‘पी’ आणि ‘एच’ ही दोन शब्दांची आद्याक्षरं नव्हेत. ‘फिलॉसॉफी’च्या रोमन लेखनातली ती पहिली दोन अक्षरं, दोन्ही मिळून एकच ‘फ’. मध्ये टिंब दिलं की एका शब्दाचे दोन होतात. म्हणून ‘पीएच.डी.’च. हीच चूक वकिलांच्या पाट्यांवर ‘एल.एल.बी.’ अशी दिसते. लॅटिन संक्षेपात अनेकवचन दाखवायला अक्षर दोनदा लिहितात. ते दोन ‘एल’ म्हणजे ‘कायदे’ हा एकच शब्द. तेव्हा ‘एलएल.बी.’ लिहावं. राजर्षी शाहू महाराजांना १९०२ साली केंब्रिजने दिलेली मानद ‘एलएल.डी.’ही अशीच लिहायची.

‘डॉ.’ आणि ‘पीएच.डी.’ यांतलं एकच ठेवा. दोन्ही लिहिलं की एकच पदवी दोनदा सांगितली जाते. घराच्या पाटीला नुसतं ‘डॉ.’ पुरे, पण दारात पेशंट येऊन उभे राहू नयेत असं वाटत असेल तर ‘डॉ.’ काढून नावानंतर ‘पीएच.डी. (रसायनशास्त्र)’ लिहा.

मराठीत ‘विद्यावाचस्पती’. वाचस्पती म्हणजे बृहस्पती, देवांचे गुरू. ‘डॉक्टर’चा मूळ अर्थ इथे नेमका उतरलाय. हा शब्द मात्र जोडूनच लिहायचा.