अकरा महिन्यांचा कागद आधी उघडून पाहा

अमळनेरच्या दादांनी लिहिले आहे की, धुळ्यातील त्यांच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपला, चार महिन्यांचे भाडे थकले, तरी भाडेकरू हलत नाही. तेव्हा नळ तोडावा की बाहेरून कुलूप लावावे? वाचून मला देवपुरातील माझ्या वरच्या मजल्याची आठवण झाली. तो रिकामा करून घेण्यात माझी अडीच वर्षे गेली.

मी वकील नाही, निवृत्त शिक्षक आहे. पुढचे सारे अनुभवातून लिहितो, वकिलांना विचारल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नये. मात्र नळाला हात लावू नका, हे ठामपणे सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार घरमालकाला पाणी-वीज विनाकारण तोडता येत नाही. मे महिन्यात रागाच्या भरात मी व्हॉल्व्ह बंद केला, तेव्हा भाडेकरूच्या पत्नी दोन रिकाम्या घागरी घेऊन थेट माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि सगळ्या गल्लीसमोर मीच खलनायक ठरलो.

पण ती माझी मोठी चूक नव्हे. मोठी चूक त्याआधीची, करार करतानाची. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे मी चहाच्या टपरीपासून कचेरीपर्यंत ऐकलेले होते, म्हणून मुद्रांकावर नोटरीचा शिक्का घेऊन मोकळा झालो. पण त्याच अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असला तरी तो लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये; म्हणजे मी जेमतेम बाराशे वाचवले. भाडे ७,००० ठरले होते, पण ते रोख घेतले आणि पावती कधी दिली नाही. नोंदणी नसल्यास, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरतात. त्याने बेधडक सांगितले की भाडे ३,००० आहे, तेही चुकते केले आहे. जाब विचारला तर जिन्यावरूनच म्हणाला, "सर, तुमले जे करनं शे, ते करी ल्या."

त्यानंतर एका कार्यालयाने मला चार महिने झुलवले. घर रिकामे करून मिळण्याचा माझा अर्ज घेतला, पोच दिली, तारखा दिल्या आणि शेवटी नोंदणीकृत करार नाही म्हणून तोच अर्ज परत केला. हे पहिल्या दिवशी खिडकीवरच सांगता आले असते, कारण नोटरीचा कागद अर्जाच्या वरच टाचलेला होता. (पोच मात्र प्रत्येक वेळी घ्या.) करार नोंदलेला असता, तर राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या परवान्यावर) दिलेल्या जागेसाठी कलम २४ चा रस्ता मोकळा होता: सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करायचा, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने बाजू मांडण्याची परवानगी मागायची आणि कराराची मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यायची. दुकानाच्या गाळ्याला हा रस्ता नाही.

मला मग दिवाणी न्यायालयात जावे लागले. केवळ थकबाकीवर दावा लावू नये, असे माझे मत आहे, कारण नोटिशीनंतर ९० दिवस थांबावे लागते आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने १५ टक्के व्याजासह रक्कम भरली तर त्या कारणावर ताबा मिळत नाही. माझ्या वकिलांनी मुलासाठी जागेची खरी गरज हे कारणही जोडले, तेव्हा कुठे समोरचा तडजोडीला आला. अनामत परत करून चावी घेतली. वीजबिल माझ्याच नावे असल्याने महावितरणची थकबाकीही मीच भरली.

दादा, तुमच्या करारावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा दस्त क्रमांक आहे का, एवढे आज रात्री कपाट उघडून पाहा आणि कळवा. कोणता अर्ज कुठे करायचा, हे त्यावरूनच ठरेल.