वाड्याची दुरुस्ती: आधी खालचा मजला, मग बाकीचं

प्रश्न: वाईत आमचा जुना दुमजली वाडा आहे. वडील गेल्यापासून आई (वय ७६), मी आणि मुलगी तिथे राहतो. भाऊ पुण्यात असतो, "मला काही नको, तूच राहा" म्हणतो. मी शिक्षिका, वय ५०, हातात ६८,००० रुपये पगार. एफडी ११ लाख. म्युच्युअल फंडात ९ लाख, ते दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला लागतील. ठेकेदाराने पूर्ण वाड्याचे २४ लाख सांगितलेत. त्यात वरच्या मजल्यावर अटॅच्ड बाथरूमच्या दोन खोल्या काढून पाचगणी-महाबळेश्वरच्या पर्यटकांना देण्याचा विचार आहे. सगळी गुंतवणूक मोडून काम करू की कर्ज काढू?

उत्तर: ताई, पैशाआधी कागद. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून वडिलांचंच नाव असेल, तर आधी वारस नोंद करून घ्या. वाडा वडिलांच्या स्वकमाईचा असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, भाऊ आणि तुम्ही तिघं समान वारस आहात. तुमच्या पत्रात आईच्या हिश्श्याचा उल्लेखच नाही! वाडा वडिलोपार्जित असेल तर वाटण्या वेगळ्या निघतील, ते वकिलांकडून तपासून घ्या. भाऊ मनापासून बोलत असेलही, पण तोंडी सोडलेला हिस्सा उद्या भाचरं मागू शकतात, आणि तोवर तुमचे लाखो रुपये त्या भिंतींत गेलेले असतील. नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. रक्ताच्या नात्यात कोणी मोबदला न घेता वडिलोपार्जित हिस्सा सोडला, तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. तसंही बँक या कागदांशिवाय कर्जाला हात लावणार नाही.

आता खोल्या. वरच्या बाथरूमचा बेत मला पटत नाही. जुन्या वाड्याचा वरचा मजला सागवानी तुळया, त्यावर फळ्या आणि माती असा असतो. तिथे रोजचं पाणी आलं की लाकूड कुजतं, वाळवी लागते. नीट करायचं तर खालून लोखंडी आधार, वॉटरप्रूफिंग, नवी ड्रेनेज लाइन, म्हणजे खोलीपेक्षा मोरीच महाग. शिवाय या घरात जिना चढायला सगळ्यात अवघड कोणाला जातं? आईला. तिची खोली आणि बाथरूम खालीच हवं. माजघरालगतची खोली तिला द्या आणि बाथरूमची भिंत स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून घ्या. पाण्याची नि सांडपाण्याची लाइन एकच राहते, पैसे वाचतात. माजघर अंधारं म्हणून मधली भिंत पाडायचा मोह होईल. ती बहुधा वरचा भार पेलत असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय हात लावू नका. कौलं, गिलावा, फरशी यांना सहसा परवानगी लागत नाही, भिंत पाडायची तर आधी नगरपालिकेत विचारा.

पर्यटकांचा हिशेब मांडून पाहू. दोन खोल्या, रात्रीचे २,००० रुपये, वर्षात प्रत्येकी ६० रात्री भरल्या, तर हाती २ लाख ४० हजार. नाश्ता, धुलाई, वीज, बुकिंगचं कमिशन वजा जाता निम्मे उरले तरी चांगलं म्हणा. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरी हव्यात, आणि तुमची सुट्टी नि पर्यटकांची गर्दी एकाच वेळी येते. ५८व्या वर्षी निवृत्त झाल्यावर हा धंदा जमेल. आज नको.

म्हणून आत्ता छप्पर, वायरिंग, पाण्याच्या लाइनी आणि खालचा मजला एवढंच करा. याचं वेगळं अंदाजपत्रक मागा. समजा ते १३ लाख आलं, तर त्यावर २० टक्के धरा. जुन्या भिंतीत काय निघेल हे ती उकरल्यावरच कळतं. झाले १५ लाख ६० हजार. एफडीतून ८ लाख काढा, ३ लाख अडीअडचणीला तसेच ठेवा. उरलेल्यासाठी ८ लाखांचं गृहदुरुस्ती कर्ज, मुदत ८ वर्षं, निवृत्तीच्या आत फिटणारं. ९ टक्के दराने हप्ता सुमारे ११,७०० बसेल. रक्कम कामाप्रमाणे टप्प्याटप्प्याने उचला, म्हणजे उचललेल्या रकमेवरच व्याज लागेल. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, तेव्हा पगाराच्या फरकाची रक्कम मिळाली की त्यात भरा.

फंडाचे ९ लाख मुलीचे आहेत, त्यांना हात नाही. ते इक्विटीत, म्हणजे शेअर्सच्या फंडात असतील तर हळूहळू बाहेर काढायला आत्तापासूनच लागा, दोन वर्षं ही इक्विटीची मुदत नव्हे.

करासाठी कर्ज काढा असं कोणी सांगेल. स्वतः राहत्या घराच्या दुरुस्ती कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला फक्त ३०,००० रुपयांची वजावट मिळते, नव्या प्रणालीत तीही नाही. बिलं मात्र जपून ठेवा. पुढे वाडा विकला, तर मोठी सुधारणा भांडवली नफ्यातून वजा दाखवता येते.

ठेकेदाराशी एकगठ्ठा ठराव नको, मोजमापावर दर ठरवा. आणि "मलबा फुकटात उचलतो" म्हणाला, तर जुन्या सागवानाची किंमत आधी दुसऱ्या सुताराकडून काढून घ्या, मगच तो आकडा त्याच्या बिलातून वळता करायला सांगा.