किमतीआधी अटी वाच

अंबाजोगाई

लेकरा, आशीर्वाद.

शस्त्रविक्रीवरचा तुझा निबंध वाचला. सुरुवातच 23,622 कोटींनी केलीस. 2024-25 ची आपली संरक्षण निर्यात. आकडा बरोबर आहे. पण पुढची दोन पानं नुसती बेरीज झाली. कोणी किती विकलं हे मुलाखतीत कुणीही सांगेल. विकल्यावर विकणाऱ्याच्या हातात काय उरतं, ते लिही.

आपल्याकडचंच बघ. 1948 मध्ये सिडनी कॉटन नावाचा वैमानिक निजामासाठी कराचीहून विमानानं शस्त्रं आणायचा. रोखीचा धंदा. माल उतरला, पैसे मिळाले, संबंध संपला. आजचं लढाऊ विमान म्हणजे बैल विकून वेसण स्वतःकडेच ठेवायचा प्रकार. सुटे भाग, सॉफ्टवेअर, क्षेपणास्त्रं, तिसऱ्याला विकायची परवानगी, सगळ्यासाठी पुढची तीस-चाळीस वर्षं मूळ मालकाच्या दारात जावं लागतं. आपल्या तेजस लढाऊ विमानाचंच घे. 2021 मध्ये 99 अमेरिकी इंजिनांची ऑर्डर दिली, पहिलं आलं मार्च 2025 मध्ये. कुणी मुद्दाम अडवलं असं मी म्हणत नाही; तरी विमानं खोळंबलीच ना?

तुर्कस्तानवर एकच ओळ लिहिलीस, तिथं पानभर हवं होतं. नाटो या अमेरिकेच्या लष्करी गटातला देश, एफ-35 या अमेरिकी लढाऊ विमानाचे भाग बनवणारा भागीदार. त्यानं रशियाची एस-400 ही विमानं-क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा घेतली. जुलै 2019 मध्ये पहिली खेप उतरली आणि त्याच महिन्यात अमेरिकेनं त्याला एफ-35 च्या प्रकल्पातून बाहेर काढलं; डिसेंबर 2020 मध्ये निर्बंधही आले. रशियानं एक यंत्रणा विकून नाटोच्या घरात भांडण लावलं, वर पैसेही घेतले! तीच एस-400 घ्यायचा करार आपण 2018 मध्ये केला, पण आपल्यावर ते निर्बंध आले नाहीत. चीनसमोर अमेरिकेला आपण हवे होतो, हे माझं मत. तुझं वेगळं असेल तर बिनधास्त मांड.

ब्रह्मोस क्षेपणास्त्र फिलिपिन्सला दिल्याचा अभिमान मलाही आहे. पण ते बनवणारी कंपनी भारत-रशियाची संयुक्त. चीनशी दोस्ती असलेल्या रशियाचा वाटा ज्यात आहे, ते क्षेपणास्त्र चीनशी समुद्रावरून भांडणाऱ्या देशाकडे गेलं. यावर तू अवाक्षर काढलं नाहीस, आणि खरी गंमत तर तिथंच आहे.

तुझा मामा वाळूजच्या कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटाई यंत्रावर, आहे ना? परदेशी संरक्षण ऑर्डरचं ड्रॉइंग बाहेर दाखवायला बंदी का असते, ते त्याला विचार. मग दुसरं पान नव्यानं लिहून पाठव. अक्षर जरा मोठं काढ, माझा चष्मा जुना झालाय.

तुझे सर