वाचकांचे प्रश्न : छळाचा मनावरचा परिणाम एक्सेलमध्ये मांडता येईल का?

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. करते. शाळेतल्या दादागिरीचा मुलाच्या मनावर होणारा परिणाम गणिती प्रारूपात मांडायचा आहे. प्रोग्रॅमिंग येत नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एक्सेल पुरेसं आहे. अनुभवागणिक अपेक्षा कशी बदलते हे सांगणारं, मानसशास्त्रज्ञ रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांचं १९७२ चं सूत्र घ्या. ‘इतर मुलं मला आपल्यात घेतील’ ही अपेक्षा ० ते १ मध्ये मोजा, सुरुवात ०.५. खेळायला घेतलं तर अनुभव १, हिणवलं तर ०.

नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + वेग × (अनुभव − जुनी अपेक्षा)

वेग म्हणजे शिकण्याचा वेग : एका अनुभवाने अपेक्षा त्याच्याकडे किती सरकते ते. वाईट अनुभवासाठी तो ०.३, चांगल्यासाठी ०.१ धरा. सलग चार अपमानांत अपेक्षा ०.१२ वर येते आणि पुन्हा ०.५ ओलांडायला लागोपाठ सहा चांगले अनुभव लागतात. मात्र हा आकडा शोध म्हणून प्रबंधात मांडू नका. असमान वेग तुम्हीच घातलेत, म्हणून तो आला. दोन्ही वेग ०.३ ठेवले तर दोनच अनुभव पुरतात.

खरं महत्त्वाचं आहे ते टाळणं, आणि नवशिके नेमकं तेच वगळतात. नियम घाला : अपेक्षा ०.३ च्या खाली गेली की मूल आपणहून खेळायला जात नाही. दुसऱ्याच अपमानानंतर ती ०.२५ च्या आसपास येते. आता चांगला अनुभव मिळायची वाटच बंद होते, त्रास देणारे मात्र शोधत येतात. वेग समान असले तरी मूल तिथेच अडकतं. म्हणून ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला आम्हाला अपुरा वाटतो. छळ थांबवून, ०.१२ वरच्या मुलाला कुणीतरी स्वतः बोलावतं अशा ओळी घालून पाहा : ०.१ वेगानेही तिसऱ्या बोलावण्याला ते ०.३ ओलांडतं.

प्रश्न : हेच खऱ्या माहितीवर कसं बसवायचं?

उत्तर : एकदा भरलेल्या प्रश्नावलीवर बसत नाही, क्रमाने घडलेले अनुभव आणि प्रत्येकानंतरचं उत्तर लागतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१७ साली असंच केलं : अनोळखी लोकांची पसंती-नापसंती दाखवत मधूनमधून आत्मसन्मान विचारला.

आधी स्वतः वेग ठरवून कृत्रिम माहिती तयार करा आणि तुमची पद्धत तेच वेग परत शोधते का ते तपासा. नोंदी थोड्या असल्या की सुरुवातीची अपेक्षा आणि वेग एकमेकांत मिसळतात : खालून सुरुवात करणारं मूल आणि झपाट्याने खचणारं मूल सारखंच दिसतं. शिवाय मुलांना खोटा नकार दाखवणार असाल तर नैतिकता समितीची परवानगी आणि पालकांची संमती आधी घ्या, आणि प्रयोग संपताच नकार खोटा होता हे त्याच बैठकीत मुलांना समजावून सांगा.