गुणाकारच का, बेरीज का नाही?

तुमचा सातवीतला मुलगा विचारतोय, "तीन शर्ट आणि दोन पँटी म्हणजे पाच, मग उत्तर सहा कसं?" त्याचं चुकलेलं नाही. कपडे पाचच आहेत, पण आपण मोजतोय जोड. खरोखर पलंगावर मांडून दाखवा. निळ्या शर्टाखाली काळी, मग खाकी. पांढऱ्याखाली पुन्हा दोन, चौकड्याच्या शर्टाखाली पुन्हा दोन. म्हणजे 2 + 2 + 2. बेरीजच झाली की! दर वेळी तेवढेच येतात म्हणून 3 × 2 लिहायचं, एवढंच.

मला हे शाळेत नाही, बॅगेच्या कुलपापाशी कळलं. तीन चकत्यांचा नंबर विसरलो होतो. भाऊ म्हणाला, "तीसच तर आकडे आहेत, फिरव." 000 पासून सुरू केलं आणि चाळिशीतच अंगठा दुखायला लागला. 10 × 10 × 10, म्हणजे हजार! शेवटचा आकडा 7 आहे हे आठवलं, तेव्हा कुठे शंभरावर आलं.

क्लासमध्ये 'आणि म्हणजे गुणाकार, किंवा म्हणजे बेरीज' असं पाठ करून घेतात. मला ते फारसं पटत नाही. मुलाला एकच विचारायला लावा: पहिली निवड कुठलीही केली, तरी दुसऱ्या वेळी पर्याय तितकेच उरतात का?

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) यावर झकास उदाहरण आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. हातांची अदलाबदल केली तर मूर्ती किती? पहिल्या हाताला चार पर्याय. त्यात शंख दिला काय किंवा गदा दिली काय, दुसऱ्या हाताला तीनच उरतात. मग दोन, मग एक. 4 × 3 × 2 × 1 = 24. संध्येत केशवाय नमः, नारायणाय नमः म्हणत जी चोवीस नावं घेतात, त्याच या चोवीस मूर्ती. तिथेच शंकराच्या दहा हातांत दहा वस्तूही दिल्यात. त्याचं उत्तर 36,28,800.

आता फसवं गणित. 0, 1, 2, 3 यांतून, अंक परत न वापरता, दोन अंकी सम संख्या किती? एककाला 0 घेतला तर दशकाला तीन पर्याय. 2 घेतला तर दोनच, कारण सुरुवातीला 0 चालत नाही. पर्याय सारखे उरले नाहीत, म्हणून इथे सरळ गुणाकार नको: 3 + 2 = 5. आधी त्यालाच लिहून काढू द्या: 10, 20, 30, 12, 32.