कायदा-सल्ला : ‘गोपनीय’ शेऱ्याचं काय करायचं?

प्रश्न : वकीलसाहेब, माझा धाकटा भाऊ जिल्ह्याबाहेरच्या सरकारी मनोरुग्णालयात बंदिस्त वॉर्डात आहे. तिथल्या तपासणीचा अहवाल मी माहिती अधिकारात मागितला. ‘रुग्णांची माहिती गोपनीय’ एवढंच उत्तर आलं. आता काय करू?
– एक भगिनी, गंगावेश, कोल्हापूर

उत्तर : ताई, गोपनीयता रुग्णाची असते, रुग्णालयाची नव्हे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 चं कलम 23 तुमच्या भावाला आडोसा देतं. गळक्या संडासाला नाही. इंग्लंडात ब्रॉडमूरसारख्या कडक बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयाचे तपासणी अहवालही तिथली आरोग्यसेवा तपासणारी संस्था, केअर क्वालिटी कमिशन, संकेतस्थळावर टाकते. आपल्याकडे राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. जवळचं गाठायचं तरी आंबा घाट उतरावा लागतो. रोज जाऊन बघता येत नाही, म्हणून तर अहवाल हवा.

तुमचा अर्ज वाचला. पहिल्याच ओळीत भावाचं नाव आणि वॉर्ड आहे. अधिकाऱ्याला आयतं कोलीतच मिळालं! नवा अर्ज करा, त्यात नाव नको. मागा एवढंच : अमुक काळातले तपासणी अहवाल, त्यावरचा रुग्णालयाचा खुलासा आणि त्रुटी दूर केल्याचा अनुपालन अहवाल. खरी गंमत या शेवटच्या कागदात असते. खाली लिहा, ‘माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 प्रमाणे रुग्णांची नावं काळी करून प्रत द्यावी.’ दीडशे शब्दांत बसवा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. कारण द्यायची गरज नाही, कलम 6(2). कुलपं, पहारा यांचा मजकूर ते झाकतील. त्यावर भांडू नका. वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणारं कलम 8(1)(ञ) आता पूर्वीपेक्षा कडक झालंय, पण जनहिताचं कलम 8(2) शाबूत आहे, तेही लिहून ठेवा.

दुसरा अर्ज राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. दर तीन वर्षांनी मनोरुग्णालयांची लेखापरीक्षा, म्हणजे किमान निकष पाळले जातात का याची तपासणी, करणं मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम 67 नं त्यांच्यावर टाकलंय. केली असेल तर प्रत मागा; नसेल तर तसं लेखी मागा, तेही उत्तर कामाचंच.

तीस दिवसांत काही आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे. तिथं वेळ लागतो, खोटं कशाला सांगू? भावाचे स्वतःचे वैद्यकीय कागद मात्र यात गुंतवू नका. ते त्याला मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्याच कलम 25 खाली मिळतात. तुम्ही त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयात साथ द्यायला नेमलेली व्यक्ती) असाल, तर त्या कामापुरती माहिती तुम्हालाही. आणि अहवाल हाती आल्यावर पेपरवाल्यांना द्यायचा, तर कुणा रुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय जोडू नका. कलम 24 तुम्हालाच आडवं येईल.